माझ्या हातचा घास

५ जानेवारी, सोमवार

आज कामावर रुजू झाले. काम वसतिगृहाच्या बाईचं: मुलांना उठवा, आंघोळीला पिटाळा, जेवताना शेजारी उभ्या राहा, संध्याकाळी अभ्यासाला बसवा आणि घरच्या आठवणीने रडणाऱ्यांची समजूत काढा. शाळा एवढीशी आहे. दोन खोल्यांत चार इयत्ता बसतात. एका बाजूला भागाकार चालतो, दुसऱ्या बाजूला कविता, आणि मधल्या रांगेतल्या पोरांना दोन्ही पाठ होतं. एक लांब खोली झोपायची, एक जेवायची, मागे विहीर, चहूकडे शेतं. मुलं एकेचाळीस.

मोठ्या बाईंनी विचारलं, "आधीची नोकरी का सोडलीत?" शाळा त्यांनीच काढली, त्यांनीच पस्तीस वर्षं चालवली. नजर अशी की समोरच्याने आपण होऊन खरं बोलावं. तरी मी म्हटलं, "तिथली हवा मानवली नाही."

साफ खोटं. तिथे मुलांत तापाची साथ आली, नऊ जण आजारी पडले. सगळे बरे झाले आणि मी ट्रंक उचलून निघाले. कारण बारा वर्षांपूर्वी मी भावाकडे राहत असताना त्याचा चार वर्षांचा मुलगा तापाने गेला, आणि वहिनी मला तोंडावर म्हणाली, "तू पांढऱ्या पायाची आहेस." शिकलेली बाई मी, असल्या गोष्टींना हसते. पण त्या वसतिगृहात पुन्हा ताप आला तेव्हा मनात पाल चुकचुकलीच.

मी स्वतः मात्र ठणठणीत. भाचा जायच्या आदल्या वर्षी महिनाभर तापाने अंथरुणाला खिळले होते, त्यानंतर साधी शिंक नाही.

१० जानेवारी, शनिवार

इथे एक पद्धत आहे, ती मला फार आवडली. शनिवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या बाईने प्रत्येक मुलाला आपल्या हाताने एक घास भरवायचा. शनिवारीच घरची आठवण जास्त येते, म्हणून मोठ्या बाईंनी ही रीत पाडली. घास कुस्करलेल्या केळ्याचा, दूध घालून. स्वयंपाकी मामा परात घेऊन आले आणि बरोबर मोठा डाव. मी म्हटलं, "डाव कशाला? हाताने कालवल्याशिवाय चव येते का?"

"तुमच्या आधीच्या बाई चमच्याने भरवायच्या," मामा म्हणाले.

"म्हणूनच गेल्या असतील," मी म्हटलं. मामा हसले. मिश्या पिकल्यात, पण हसतात पोरासारखे.

एकेचाळीस तोंडं. थोराड मुलं लाजत होती, पण रांग सोडून एकही गेलं नाही. शेवटी एक सात वर्षांची, माझ्याच आठवड्यात दाखल झालेली. खाते चिमणीएवढं, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणतात. तीन दिवस तिने नीट काही खाल्लं नव्हतं. तोंड घट्ट मिटून उभी. मी घास पुढे धरला आणि नुसती थांबले. बऱ्याच वेळाने तोंड उघडलं. मग म्हणाली, "अजून." तिला चार घास भरवले.

आपल्यालाही कुणीतरी 'अजून' म्हणावं, असं फार वर्षांनी झालं.

२४ जानेवारी, शनिवार

दोन मुलांना ताप. थंडीचे दिवस आहेत, होतं असं. एवढंच लिहून ठेवते.

२८ जानेवारी, बुधवार

पाच झाले. सर्दी नाही, खोकला नाही. ताप रोज थोडा चढतोय, जीभ पांढरी, पोट दुखतं. हे मी पाहिलंय. असंच मागच्या ठिकाणी सुरू झालं होतं. असंच भाच्याचं.

विहिरीत डोकावून आले, पिंप उपसून घासलं, पाणी उकळायला लावलं आणि उकळतंय की नाही हे बघत स्वतः उभी राहिले. मामा म्हणाले, "बाई, पाणी पळून नाही जात." माझ्या पाचावर धारण बसलीय आणि यांना विनोद सुचतात.

१ फेब्रुवारी, रविवार

मामांशी भांडले. त्यांच्या नखांत माती दिसली. ते म्हणाले, "आत्ताच मेथी खुडून आलो, अजून हात धुवायचेत." मी म्हटलं, "अशाच हातांनी पोळ्या लाटत असाल." ते हौदावर गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि मला दाखवून गेले.

चिमणीला सातचा पाढा येत नव्हता. आता प्रत्येक घासाला एक ओळ म्हणते. तिला मी रोज दुपारी फळं सोलून देते, तेवढीच तिच्या पोटात जातात. बाकीच्यांना कळू देत नाही, नाहीतर म्हणतील बाई दुजाभाव करतात. करते तर करते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आरोग्य केंद्रातून सिस्टर आली. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं तोफेसारखं. आजाऱ्यांचं रक्त घेतलं, विहिरीत औषध टाकलं, गोळ्या दिल्या. म्हणाली, "विषमज्वर दिसतोय. हा वाऱ्यावर उडत येत नाही बरं का. पाण्यातून, नाहीतर कुणाच्यातरी हातून खाण्यात जातो."

हातून. मी मामांकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी मला पाहताना पाहिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मामांना घरी पाठवलं. मीच मोठ्या बाईंकडे गेले होते, नखांचं सांगितलं. एकवीस वर्षं इथे काढलेला माणूस. जाताना त्यांनी चुलीजवळचा फडका घडी करून ठेवला आणि मला म्हणाले, "पोरांचं बघा." वाईट वाटलं, पण मुलांच्या जिवापुढे कुणाचं मन बघत बसणार?

आता गावातून एक मावशी येऊन भात-भाजी रांधून जाते. वाढणं, फळं कापणं, दूध निववणं सगळं मी अंगावर घेतलं. निदान आता जे होईल ते माझ्या डोळ्यांसमोर होईल.

मुलं फार भेदरलीत. रिकाम्या जागांकडे बघत जेवतात आणि वर्गात मोठ्याने वाचतसुद्धा नाहीत. मोठ्या बाईंना म्हटलं, "शनिवारचा घास रोज करू या. तेवढाच त्यांना धीर." त्यांना पटलं. आज केला. हसली पोरं, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

९ फेब्रुवारी, सोमवार

चिमणीचं अंग गरम.

११ फेब्रुवारी, बुधवार

एकूण अकरा. देवा, माझं काय चुकतंय? मी पायात चपला घालून हिंडते, घरातसुद्धा. कारण लिहायची लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहू: आपले पाय जमिनीला लागू नयेत असं वाटतं. वहिनीचा शब्द असा बारा वर्षांनी येऊन मानगुटीवर बसलाय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच.

आणि खरंच बघितलं तर जी मुलं मला चिकटलेली, तीच पडताहेत. लांब राहणारी टवाळ पोरं धडधाकट. ज्याला जीव लावावा तोच आडवा. याला पांढरे पाय नाही तर काय म्हणायचं?

मामा जाऊन सहा दिवस झाले तरी ताप का थांबत नाही, असं सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "लागण होऊन ताप यायला एक ते तीन आठवडे जातात. आत्ता जे दिसतंय ते मागचं आहे." म्हणजे मामांचंच. जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चिमणीला इस्पितळात नेलं.

पहाटेपासून ती बरळत होती. सातचा पाढा म्हणत होती, पण 'सात चोक अठ्ठावीस'पाशी येऊन अडकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी पुढची ओळ सांगत होते, तिला ऐकू जात नव्हती. औषध थुंकून टाकत होती. केळं कुस्करून बोटाने तिच्या जिभेवर ठेवलं तेव्हा कुठे गिळलं. गाडी आली तेव्हा तिने माझं बोट धरून ठेवलं होतं, सिस्टरला ते सोडवावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, आतड्याला इजा झाली असेल तर सांगता येत नाही. असं म्हणतात तेव्हा त्यांना सांगता येत असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टर पुन्हा आली. आज बसूनच घेतलं तिने. विहिरीचं पाणी स्वच्छ निघालंय. मग तिने विचारलं, "मुलांना कच्चं, न शिजवलेलं काय मिळतं? आणि कोण देतं?" मोठ्या बाईंनी शनिवारच्या घासाचं सांगितलं, आता रोज असतो हेही.

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "हाताने?"

"हात धुऊन," मी म्हटलं.

"साबणाने?"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मी म्हटलं, "स्वच्छ पाण्याने धुते. साबणाचा वास घासाला लागतो."

तिने मान हलवली. म्हणाली, "भरवणं आजपासून बंद. आणि इथल्या प्रत्येक मोठ्या माणसाची शौचाची तपासणी करायची. स्वयंपाक्याचीसुद्धा." सगळ्यांना एकेक डबी दिली. मोठ्या बाईंनी मुकाट्याने घेतली. मीही घेतली. माझी कशाला हवी? बारा वर्षांत शिंकलेली नाही मी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

डबी दिली. आपल्यावर असा संशय, याचंच दुःख जास्त झालं.

चिमणीची मैत्रीण, ती दोन वेण्यांची, दोन दिवस जेवली नाही. चिमणी मेली का, असं विचारत होती. नाही ग म्हटलं तर खरं वाटेना. शेवटी तिला कोठीच्या खोलीत नेलं आणि पेरूच्या चार फोडी भरवल्या. कुणी पाहिलं नाही. नियम करणाऱ्यांना काय माहीत, रडतं पोर कसं गप्प करतात ते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तपासणीचा निकाल आला. मामा स्वच्छ. मोठ्या बाई स्वच्छ. गावातली मावशी स्वच्छ.

मी नाही.

सिस्टरने मला गुन्हेगारासारखं समोर उभं केलं नाही. शेजारी बसली. म्हणाली, "बाई, तुम्हाला पूर्वी मोठा ताप आला होता का?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तो बरा झाला, पण जंतू गेले नाहीत. काही माणसांच्या पोटात ते वर्षानुवर्षं राहतात. त्या माणसाला काही होत नाही. त्याच्या हातचं जो खातो त्याला होतं."

मी विचारलं, "बारा वर्षं?"

"राहू शकतात."

पुढचं ती बरंच बोलली, औषध महिनाभर, मग पुन्हा तपासण्या, कदाचित पित्ताशय काढावं लागेल. मला ऐकू येत होतं पण मी दुसरीकडेच होते. भावाच्या घरी होते. भाचा आजारी असताना आईच्या हातचं नको म्हणायचा, आत्याच पाहिजे. मी त्याला मऊ भात निववून, हाताने कालवून, त्यावर दूध घालून भरवायची. आजारी पडायच्या आधीही मीच. शेवटपर्यंत मीच. वहिनी दारात उभी राहून बघायची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पिंप उपसलं, माणूस हाकलला, आणि साथ माझ्या पाच बोटांत होती.

आणि दोन वेण्यांची! त्या चार फोडी मी सिस्टरला सांगितल्या. तिने कपाळाला हात लावला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे ट्रंक भरली. सकाळच्या बसने जायचं, कुणाला तोंड न दाखवता. फाटकाशी मोठ्या बाई फिरत होत्या. ट्रंक पाहिली, पण रागावल्या नाहीत.

"कुठे?"

"कुठेही. इथून लांब."

"कुठेही म्हणजे कुठेतरी. तिथे पोटासाठी काय कराल? पुन्हा कुणाच्यातरी मुलांना जेवायला घालाल." त्यांनी ट्रंकेची दुसरी कडी धरली. "इथे निदान आम्हाला माहीत आहे. इथेच राहा, औषध घ्या, स्वयंपाकघराची पायरी चढू नका. मुलांना वाचायला शिकवा. वाचून कुणाला ताप येत नाही."

मी म्हटलं, "चिमणी वाचली नाही तर?"

त्या म्हणाल्या, "तरीही इथेच राहायचं. ती पद्धत मी पाडली होती, बाई. मीही कुठे जाणार नाही."

दोघींनी मिळून ट्रंक परत आणली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मामांच्या घरी गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, ते सांगायला. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले, आत या म्हटलं तरी गेले नाही. सगळं सांगितलं. त्यांची बायको आतून म्हणाली, "वीस दिवस माणूस जेवला नाही धड. गावात कुणी याच्या हातचं पाणी घेत नव्हतं." मामा तिला गप्प म्हणाले. हसले तर मुळीच नाहीत. मला फक्त विचारलं, "परात उकळून घेतलीत का?"

उद्यापासून येतो म्हणाले. पोरांसाठी, असंही म्हणाले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आधीच्या वसतिगृहाला पत्र लिहिलं. मग ऑफिसातून वहिनीला फोन केला. बारा वर्षांनी आवाज ऐकला तिचा, जाड झालाय.

सिस्टरने सांगितलं होतं ते सगळं म्हटलं: घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, मी राहून गेले आहे. ती म्हणाली, "तू गेल्याला बारा वर्षं झाली. आता कशाला?" मग मला पुढचं सांगावंच लागलं. भाच्याचं.



"म्हणजे मी बोलले ते खरं होतं," वहिनी म्हणाली.

"पाय नव्हते वहिनी, हात होते."

"मला तोंडाने बोलल्याचा पश्चात्ताप व्हायचा ग. एवढी वर्षं. की उगाच बोलले हिला, ही तर जीव टाकत होती त्याच्यावर." "आता मी काय करू त्याचं?"

तिने फोन ठेवला. पुन्हा करायची हिंमत माझ्यात नाही.

४ मार्च, बुधवार

चिमणीचा ताप उतरतोय. डॉक्टर 'सांगता येत नाही' म्हणायचे थांबलेत. मी बातमी ऐकली आणि सरळ जमिनीवर बसले.

दोन वेण्यांचीला मी रोज लांबून विचारते, पोट दुखतंय का. ती वैतागली आहे. आज म्हणाली, "बाई, तुम्ही विचारलं की दुखतं."

११ मार्च, बुधवार

त्या चार फोडींना एकवीस दिवस झाले. तिला ताप नाही. काल पहिल्या इयत्तेतल्या मुलीशी मारामारी करून आली आणि मला एवढा आनंद झाला की शिक्षा करायची राहिली.

नवा ताप कुणालाच नाही, आधीची मुलंही बरी होताहेत. पण रोज उठताना पहिली गोष्ट कान देऊन ऐकते, कुणी कण्हतंय का. दिवसभर हात मुठीत. वाचून दाखवताना पान उलटते तेव्हासुद्धा मुलं माझ्या बोटांकडे बघतात असं वाटतं. कदाचित बघत नसतील.

१४ मार्च, शनिवार

चिमणी आली. केस कापलेत, गाल आत गेलेत, फ्रॉक खांद्यावरून घसरतोय. जेवणाच्या खोलीत सगळी मुलं रांगेत होती. आता शनिवारी ज्याची त्याची वाटी, ज्याचा त्याचा चमचा, आणि वाढतात मामा. मला पाहून ती धावत सुटली. सिस्टरने बजावलंय की जवळ घ्यायला हरकत नाही, साबणाने हात धुतले की झालं, फक्त खाण्याला हात लावायचा नाही. माहीत आहे मला. पण पाय आपोआप मागे गेले, टेबलाच्या पलीकडे.

ती थबकली. म्हणाली, "बाई, मी घरी पळून नव्हते गेले. मी आजारी होते."

"माहीत आहे ग."

"मग रागावलात कशाला?"

मोठ्या बाईंनी तिला काही सांगितलं नव्हतं. ते माझ्यासाठीच ठेवलं असावं. मी जमिनीवर बसले, तिच्याएवढी झाले, आणि सांगितलं. तुला ताप आला तो माझ्या हातून आला. माझ्या पोटात तो राहत होता, मला कळत नव्हतं, आणि मी तुला भरवत होते.

तिने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे.

"मुद्दाम?"

"नाही."

"तुम्हाला दुखतं?"

"नाही."

"मला खूप दुखलं," चिमणी म्हणाली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ती मामांच्या रांगेत गेली. वाटी घेतली, चमचा घेतला, आणि माझ्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बसून जेवायला लागली. जेवताना मधूनमधून मान वर करून बघत होती, मी जवळ तर येत नाही ना ते. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि तिची वाटी संपेपर्यंत जागची हलले नाही.